परळचा उपचार, म्हसळ्याचे काम

मेंदू, मज्जारज्जू किंवा शरीरभर पसरलेल्या नसा यांना इजा झाल्यानंतर माणूस कामावर परतला असे केव्हा म्हणायचे, या प्रश्नाला वैद्यकशास्त्र, कायदा आणि घर ही तिन्ही वेगवेगळी उत्तरे देतात. वैद्यकशास्त्र स्नायूंची शक्ती आणि सांध्यांची हालचाल मोजते. कायदा पद, वेतनश्रेणी आणि अपंगत्वाची टक्केवारी पाहतो. घराला मात्र एवढेच जाणून घ्यायचे असते की यंदाच्या लावणीला हा माणूस चिखलात उभा राहील का, दुकानाचा गल्ला त्याच्यावर सोपवता येईल का, चुलीपाशी त्याला एकट्याला सोडून शेतावर जाता येईल का. या तिन्हींच्या मधल्या जागेत जी विद्या काम करते तिला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. या संज्ञेतील व्यवसायात पोटापाण्याचा धंदा तर येतोच, शिवाय आंघोळ करण्यापासून जाळे सांधण्यापर्यंत माणूस हेतुपूर्वक जे जे करतो ते सारे येते, आणि हे करणे हेच उपचाराचे साधन आणि तेच उपचाराचे साध्य, अशी या विद्येची धारणा आहे.

रायगडच्या दक्षिण भागातील म्हसळा तालुका हा या धारणेची कसोटी पाहणारा प्रदेश आहे. राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाशी असलेला हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता आणि आजही त्याचा उदरनिर्वाह कोणत्याही एका धंद्यावर चालत नाही: पावसाळ्यात भात, शेजारच्या श्रीवर्धनाप्रमाणे नारळ-सुपारीच्या वाड्या, खाडीतली आणि समुद्रातली मासेमारी, कातकरी कुटुंबांची वीटभट्ट्यांकडे होणारी हंगामी पायपीट, मुंबईतील नोकऱ्या आणि कोकणी मुसलमान घरांतून आखाती देशांत व जहाजांवर गेलेल्या पुरुषांनी पाठवलेले पैसे. यांतल्या बहुतेक कामांना हजेरीपट नाही, रजेचा अर्ज नाही आणि मुख्य म्हणजे ज्याच्याकडे हलके काम मागावे असा मालकच नाही. पुनर्वसनाचे कायदे आणि संस्था मात्र बहुतांशी मालक असलेल्या कामाची कल्पना करून घडल्या. त्यामुळे शहरातल्या कर्मचाऱ्यासाठी कामात जो बदल कचेरीच्या आदेशाने होतो, तोच म्हसळ्याच्या शेतकऱ्यासाठी अवजारात, दिवसाच्या वेळापत्रकात आणि घरातल्या कामाच्या वाटणीत घडवून आणावा लागतो; आणि ते कसब कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही, व्यवसायोपचाराच्या दालनात मिळते.

हे दालन मुंबईतच उभे राहिले. योगायोग असा की १९१७ हे साल या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी अमेरिकेतील पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षी मुंबईत पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून आलेल्या हिंदी शिपायांना धंदेशिक्षण देण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, जी पुढे खडकीला हलली. दोन्ही उपक्रम एकमेकांना अनोळखी असले तरी त्यांच्यामागे एकच अनुभव होता, की जखमी माणूस केवळ जगला म्हणजे रुग्णालयाचे काम संपत नाही. या दोन प्रवाहांचा मेळ घालणारी व्यक्ती तीस वर्षांनी आली. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून कमला निंबकर झाल्या, मुलांच्या शिक्षणात बरीच वर्षे रमल्या, मग मध्यम वयात मायदेशी जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेऊन परतल्या आणि १९४७ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या उपचाराचा विभाग उघडला. १९५० मध्ये त्याला जोडून प्रशिक्षण शाळा सुरू झाली. १९५२ मध्ये भारतीय व्यवसायोपचारकांची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्य देशांत भारताचे नाव लागले. नव्याने स्वतंत्र झालेल्या, अन्नधान्याची ददात असलेल्या देशाने या क्षेत्रात संस्थापकाचे स्थान मिळवावे, हे आज जितके लक्षात ठेवले जाते त्याहून अधिक ठेवण्यासारखे आहे. मराठी वाचकाला निंबकरांचे नाव बहुधा फलटणमधल्या त्यांच्या नावाच्या शाळेमुळे ठाऊक असते. परळच्या विभागामुळे ते ठाऊक असणारे कमी.

त्या काळच्या विभागांत हातमाग, सुतारकामाची बाके, पायाने चालवायची करवत आणि शिवणयंत्रे असत, आणि ती तेथे मनोरंजनासाठी ठेवलेली नसत. पोलिओ झालेल्या मुलाच्या घोट्याला जी हालचाल हवी ती शिवणयंत्राच्या पायट्यावर हजार वेळा होते आणि तरीही मुलाचे लक्ष घोट्याकडे नसते, कापडाकडे असते. मागावर धोटा फेकताना खांदा आपोआप उचलला जातो. केवळ व्यायाम म्हणून हीच हालचाल सांगितली तर रुग्ण वीस वेळा करून कंटाळतो. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्यात डॉक्टर, भौतिकोपचारक, व्यवसायोपचारक, कृत्रिम अवयव बनवणारे कारागीर, मानसशास्त्रज्ञ आणि व्यवसाय-मार्गदर्शक यांना एका छताखाली आणण्यात आले. १९६८ मध्ये केंद्र सरकारच्या श्रम खात्याने अपंगांसाठीची पहिली व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे मुंबई आणि हैदराबाद येथे काढली, ज्यांत उमेदवाराची कार्यक्षमता प्रत्यक्ष कामावर तपासून त्याला योग्य धंदा सुचवला जाई. मुंबईच्या नायर व शीव रुग्णालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. या सर्व संस्थांचा नकाशा काढला तर तो जवळजवळ रेल्वेच्या मोठ्या जंक्शनांचा नकाशा होतो, ही त्यांची मर्यादा तेव्हाही होती आणि आजही पुरती मिटलेली नाही.

व्यवसायोपचारकाच्या कसबाचा गाभा कृतिविश्लेषणात आहे. एखादे काम ज्या हालचालींचे, ज्या इंद्रियसंवेदनांचे आणि ज्या निर्णयांचे बनलेले असते त्यांत त्याची फोड करायची, त्यातली कोणती गोष्ट रुग्णाला जमते आणि कोणती जमत नाही हे पाहायचे, आणि मग न जमणारी गोष्ट सरावाने परत आणता येईल, अवजार बदलून टाळता येईल की दुसऱ्या हाताकडे सोपवावी लागेल हे ठरवायचे, असा हा क्रम असतो. लकव्याचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने शरीराची एक बाजू लुळी पडते, त्याला वैद्यक पक्षाघात म्हणते आणि रायगडात लोक लकवा मारला किंवा पॅरालिसिसचा झटका आला असे म्हणतात. हा आजार फक्त शहरी, सुखवस्तू माणसांचा असल्याचा समज गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने खोटा ठरवला. ८६ खेड्यांतील मृत्यूंची छाननी केल्यावर त्यांतील सुमारे १४ टक्के पक्षाघाताने झाल्याचे दिसले. जे वाचतात त्यांची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते, पुढे ती मंदावते पण थांबत नाही. याच पहिल्या महिन्यांत एक फसगत होते, जिचा शोध अमेरिकी संशोधक एडवर्ड टॉब यांनी घेतला. लुळा हात सुरुवातीला साथ देत नाही म्हणून रुग्ण सर्व कामे चांगल्या हाताने करू लागतो, आणि पुढे मेंदूत सावरण्याची क्षमता आली तरी तो हात वापरायचाच नाही ही सवय पक्की झालेली असते. टॉब यांनी याला शिकलेला अनुपयोग मानले आणि चांगला हात जागेपणीचा बहुतेक वेळ बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धत काढली. आपल्याकडच्या घरांत नेमके उलटे घडते: सून ताट वाढून समोर ठेवते, मुलगा शर्टाची बटणे लावतो, आणि या सेवेत प्रेम कितीही असले तरी लुळ्या हाताच्या वाट्याला आलेले काम तेवढे हिरावले जाते.

आता हे विश्लेषण वाडीत नेऊन पाहावे. सुपारीच्या व्यवहारात सर्वांत वरच्या पायरीवर झाडावर चढून घड उतरवणारा गडी असतो, जो बऱ्याचदा खाली न उतरता एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेतो. ज्याची उजवी बाजू एकदा लुळी पडली आहे त्याने ही पायरी कायमची सोडावी, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. तज्ज्ञाची गरज त्यापुढे लागते. घड उतरल्यावर फळे वेगळी करणे, खळ्यावर महिनाभराहून अधिक काळ उन्हात फिरवत वाळवणे, पावसाचा अंदाज घेऊन झाकणे, वाळलेली फळे सोलणे, सोललेल्या सुपारीची प्रतवारी करणे, व्यापाऱ्याशी वजन आणि भाव यांचा मेळ घालणे ही त्याच साखळीतली कामे आहेत. त्यांपैकी सोलण्याला दोन हात आणि घट्ट पकड लागते, प्रतवारीला एक हात, चांगली नजर आणि वर्षानुवर्षांचे ज्ञान पुरते. ज्याने वीस वर्षे झाडावरून सुपारी उतरवली त्याच्या बोटांना फळ हाती येताच त्याची जात कळते, आणि ते कळणे मेंदूच्या ज्या भागात साठवलेले असते तो भाग बहुधा शाबूत असतो. म्हणून परतणे म्हणजे जुन्या पायरीवर परतणे असा हट्ट धरला तर माणूस ओटीवर बसून राहतो, आणि जुन्या साखळीत परतणे असा अर्थ घेतला तर त्याला जागा मिळते. हंगामाचा हिशेब मात्र सोडून चालत नाही: ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-म्हसळ्याच्या वाड्या आडव्या केल्या आणि सुपारीचे नवे रोप फळावर यायला काही वर्षे घेते, तेव्हा या काळात धडधाकट माणसालाही परतायला वाडी उरली नव्हती.

जाळ्याचे काम याहून अवघड आणि म्हणून अधिक उद्बोधक आहे. फाटलेले जाळे सांधताना एका हाताने सुई चालते, दुसऱ्या हाताने जाळे ताणून धरावे लागते आणि पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून ताण ठेवण्याची रीत किनाऱ्यावर जुनीच आहे. कोळ्याचा पाय येथे तिसरा हात होतो. लुळा हात ताण धरू शकत नसला तरी त्याचे वजन जाळ्यावर ठेवता येते, आणि खुंटीला किंवा लाकडी चौकटीला जाळे अडकवले तर एका हाताने सुई चालवता येते. वेग निम्म्यावर येतो, काम थांबत नाही. भाताच्या लावणीचे तसे नाही. पक्षाघातानंतर पाऊल लोंबते, म्हणजे चालताना पुढचा भाग उचलला जात नाही. सपाट जमिनीवर घोट्याला प्लॅस्टिकचा आधार बांधून यावर मात करता येते, पण गुडघाभर चिखलात तोच आधार रुतून बसतो आणि माणूस पडतो. लावणीला नाही म्हणावे लागते आणि राब भाजणे, आवण, म्हणजे लावणीची रोपे, मोजून जुड्या बांधणे, बांधावरून माणसांवर लक्ष ठेवणे अशी कामे शोधावी लागतात. परळच्या विभागात बसून यातले काहीही सुचण्यासारखे नाही. त्यासाठी शेत पाहावे लागते, किंवा निदान रुग्णाला पाहिलेले सांगता येईल इतका वेळ द्यावा लागतो.

हातापायांची दुर्बलता दिसते तरी. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर काही रुग्णांना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. डोळे दिसत असून ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो, दाढी अर्धीच होते. असा माणूस हातापायांनी ठीक असला म्हणून त्याने पुन्हा प्रवासी मिनीडोर चालवायला घेतली, तर घाटातल्या वळणावर डावीकडून येणारी एस.टी. त्याच्यासाठी नसतेच. कागदावर रेघांचे मध्य काढायला लावण्यासारख्या साध्या चाचण्यांनी हा दोष पकडता येतो, पण चाचणी कोणी घेतली तर. भाषेची केंद्रे दुखावली की वाचाघात होतो: विचार जागेवर असतात, शब्द सापडत नाहीत, किंवा दुसऱ्याचे बोलणे उमगत नाही. किराणा दुकानदारासाठी हा लकव्यापेक्षा मोठा घाव. अलीकडे क्यूआर कोडवर पैसे आले की स्वतःच रक्कम बोलणारे डबे गावोगावच्या गल्ल्यांवर दिसू लागले आहेत. ते कोणी वाचाघातासाठी बनवले नसले तरी अशा दुकानदाराच्या कामी येऊ शकतात. आणि मग थकवा. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा हा आळस नाही किंवा मनाचा कमकुवतपणाही नाही, तो आजाराचाच भाग आहे. पण घरच्यांना हे पटवून देणे औषध देण्याहून कठीण जाते.

अपस्मार, म्हणजे फिट येणे किंवा आकडी येणे, हा वेगळ्या जातीचा प्रश्न आहे, कारण येथे माणूस जवळजवळ सर्व वेळ धडधाकट असतो आणि आपत्ती काही मिनिटांची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नियमित आणि योग्य औषधोपचार मिळाला तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात, आणि त्यासाठी लागणारी फेनोबार्बिटोनसारखी औषधे स्वस्त आणि जुनी आहेत. काम ठरवताना पाहायचे ते एवढेच की या क्षणी शुद्ध हरपली तर काय होईल: विहिरीच्या काठावर, एकट्याने होडीत, उघड्या चुलीसमोर, नारळाच्या झाडावर किंवा वाहनाच्या चाकावर नको, शिवणकाम, दुकान, रोपवाटिका, गुरे राखणे, शिकवणे हे सारे चालते. वाहन चालवण्याचा परवाना मागताना भराव्या लागणाऱ्या पहिल्याच अर्जात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का असे विचारले जाते, आणि जहाजावरच्या नोकरीची वैद्यकीय तपासणीही याबाबत कडक असते, म्हणून समुद्रावर जगणाऱ्या घरातल्या तरुणाला एका फिटमुळे धंदाच बदलावा लागतो. ही बंधने न्याय्य आहेत. जी न्याय्य नाहीत ती लपवाछपवीतून येतात, आणि त्या लपवाछपवीला कायद्याचाही काही काळ हातभार होता: विवाहविषयक कायद्यांतून अपस्माराचा अडसर काढून टाकायला १९९९ साल उजाडावे लागले. मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्याच्या आरोग्य विभागाबरोबर ग्रामीण जिल्ह्यांत भरवलेल्या शिबिरांचे महत्त्व यासाठी आहे की तेथे मेंदुतज्ज्ञ माणसाच्या गावाजवळ येतो; मात्र अपस्मारावरची गोळी रोज घ्यायची असते आणि शिबिर रोज भरत नाही.

पार्किन्सनच्या आजारात, ज्याला जुने वैद्य कंपवात म्हणत, परत कामावर येण्याऐवजी कामावर टिकून राहण्याचा प्रश्न असतो, कारण हा आजार हळूहळू वाढत जातो. लेवोडोपा या औषधाचा परिणाम तासांच्या हिशेबाने चढतो आणि उतरतो; परिणाम असताना माणूस चालतो, लिहितो, बोलतो, उतरला की पाय जमिनीला चिकटतात आणि अक्षर मुंगीएवढे होते. म्हणून अशा माणसाचा दिवस घड्याळावर न आखता गोळीवर आखायचा, म्हणजे हिशेब लिहायचा तर गोळीनंतरच्या चांगल्या तासात, आणि गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, कारण मासे-डाळींतील प्रथिने तिच्या शोषणात अडथळा आणतात. कोकणातल्या कुंपणांवर चढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत हेच लेवोडोपा नैसर्गिकपणे असते आणि आयुर्वेदाने तिचा उपयोग शतकानुशतके केला आहे, ही माहिती खरी असली तरी मात्रेचा अंदाज नसलेली बी खाऊन गोळी बंद करणे म्हणजे चढ-उतार आणखी बेभरवशाचे करून घेणे. पुण्यात पार्किन्सन मित्रमंडळ, मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी अशा संघटनांनी हे व्यवहारज्ञान रुग्णांच्या हाती दिले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे नसांवरचे आवरण झिजवणारा आणि येत-जात बळावणारा आजार, भारतात त्या मानाने विरळ; त्याच्या रुग्णांची राष्ट्रीय संघटना १९८५ मध्ये मुंबईतच रहमत फझलभॉय या स्वतः हा आजार असलेल्या बाईंनी स्थापली. या आजारात उष्णतेने लक्षणे बळावतात, आणि म्हसळ्याचा दमट मे महिना पाहता तेथील रुग्णासाठी पहाटेची वेळ हाच कामाचा खरा दिवस ठरतो.

नसांचा आजार असूनही ज्याला बहुतेक लोक त्वचेचा आजार समजतात तो कुष्ठरोग. त्याचे जंतू हातापायांच्या नसांत घर करतात, बोटे बधिर होतात, मग चहाचा गरम पेला किंवा कोयत्याची मूठ नकळत जखम करते. महाराष्ट्रात मज्जाविकारानंतर कामावर परतण्याची सर्वांत मोठी परंपरा याच आजाराभोवती उभी राहिली: १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन वसवले, आणि रायगडातही पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. अवजाराची मूठ जाड करणे, तिला कापड गुंडाळणे, दर संध्याकाळी हात तपासणे या आनंदवनासारख्या ठिकाणी अंगवळणी पडलेल्या गोष्टी म्हणजे व्यवसायोपचारच. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी खडकीला १९७४ पासून लष्करी जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी घेऊन परतले, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली, हे त्यामानाने कमी सांगितले जाते, आणि या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व दुसऱ्या गोष्टीला अधिक आहे.

कायद्याची बाजू दिसते त्याहून बळकट आहे, फक्त ती ज्यांच्यासाठी आहे त्यांची संख्या म्हसळ्यासारख्या तालुक्यात थोडी. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातील ४७ वे कलम, आणि ते रद्द होऊन आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २० वे कलम असे सांगते की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे, आणि तसे पद नसेल तर निवृत्तीपर्यंत किंवा पद मिळेपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. कुणाल सिंह विरुद्ध भारत सरकार या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण ठामपणे लागू केले. श्रीवर्धन आगारातल्या एस.टी. चालकाला किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला लकवा झाला तर हा आधार आहे. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, २१,००० रुपयांपर्यंत वेतनावर काम करणाऱ्याला कर्मचारी राज्य विमा योजनेतून वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळते, आणि पक्षाघातासारख्या ठराविक दीर्घ आजारांत ८० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत मुदत वाढते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि त्यांत पार्किन्सन व मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावे घातली. मात्र त्याच कायद्यातील नोकरीतील आरक्षणाच्या कलमात ही दोन्ही नावे दिसत नाहीत, ही विसंगती कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून निसटली असे मानणे कठीण आहे.

मालक नसलेल्या माणसासाठी राज्याकडे निर्वाहवेतन आहे आणि त्याचा उगम म्हसळ्याशी जोडलेला आहे. म्हसळा तालुक्यातील सावित्रीकाठच्या आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, जिच्यातून आजही तहसील कार्यालयामार्फत दिव्यांग, विधवा आणि दीर्घ आजारी माणसांना दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ती १,५०० रुपये करण्यात आली. अंतुले यांच्या वादग्रस्त कारकिर्दीत या योजनेइतकी टिकाऊ गोष्ट दुसरी कोणती, असा प्रश्न पडावा. तरीही तिच्यात एक पेच आहे: ती उत्पन्नाच्या मर्यादेवर बेतलेली असल्याने जो माणूस सुपारी प्रतवारीतून थोडे कमवू लागतो त्याला ते कमावणे लपवण्याची बुद्धी होते, आणि कामावर परतणे ही शाबासकीची गोष्ट असण्याऐवजी धोक्याची होते. स्त्रियांच्या बाबतीत पेच उलट आहे. लकव्यानंतर एका हाताने विळीवर भाजी चिरणारी, खवणी बुटक्या स्टुलाला ठोकून घेऊन नारळ खवणारी, कळशीऐवजी लहान हंडीने पाणी आणणारी बाई पुन्हा पूर्ण कामावर आलेली असते, पण कोणताही अर्ज तिला कामकरी समजत नाही. व्यवसायोपचार मात्र तिच्यापासूनच सुरू होतो, कारण त्याच्या दृष्टीने भाजी चिरणे आणि फाइल लिहिणे यांची फोड एकाच पद्धतीने होते.

म्हसळ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, माणगाव आणि श्रीवर्धन येथे उपजिल्हा रुग्णालये, अलिबागला जिल्हा रुग्णालय आणि तेथेच अपंगत्वाची तपासणी. मुंबई दीडशे किलोमीटरहून दूर. आठवड्यातून तीनदा उपचारासाठी परळ गाठणे शक्य नसलेल्या माणसासाठी कसब रुग्णाकडे जायला हवे. त्याचा एक आडवळणी मार्ग आधीच अस्तित्वात आहे: तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या घरी जाऊन आशा स्वयंसेविका जी तपासणी-सूची भरते तिच्यात फिट येतात का, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, हातात वस्तू धरायला त्रास होतो का, पायांच्या अशक्तपणामुळे चालणे कठीण जाते का असे प्रश्न आहेत. कुष्ठरोग आणि अपस्मार शोधण्यासाठी घातलेले हे प्रश्न लकव्याचा रुग्णही हुडकू शकतात. हुडकल्यानंतर त्या हाताने पूर्वी काय केले जात होते हे विचारणारा रकाना सूचीत नाही. तो घालायला फार खर्च नाही. पैशाची तरतूदही निराळी शोधावी लागत नाही, कारण महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक आहे. हा निधी बहुधा डिसेंबरच्या सुमारास, जागतिक दिव्यांग दिनाच्या निमित्ताने, थोड्या थोड्या रोख रकमेत वाटून संपवला जातो. त्याच रकमेतून जाड मुठीचा कोयता, जाळे अडकवायची चौकट, शिवणयंत्राला जोडायची छोटी मोटर किंवा घोट्याचा आधार घेता येतो. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने यादी करताना माणसाचे नाव आणि टक्केवारी यांच्या शेजारी त्याचा धंदा लिहायला हवा, आणि वर्षातून एकदा तरी मुंबईच्या महाविद्यालयातील व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्यांनी ती यादी घेऊन लावणीच्या आधी, म्हणजे मे महिन्यात, गावात उतरायला हवे.